लांब बसा, डोळे जातील

गेल्या दिवाळीत आम्ही ४३ इंची टीव्ही घेतला. भिंतीवर लावायला आलेल्या मुलाने विचारलं, "बसणार कुठे?" मी सोफ्याकडे बोट दाखवलं. त्याने टेप टाकली. आठ फूट. "मस्त आहे," तो म्हणाला, चार भोकं पाडली आणि पुढच्या घरी निघून गेला.

संध्याकाळी बाबा उठले, गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली आणि टीव्हीपासून तीन फुटांवर, बरोब्बर मधोमध ठाण मांडून बसले. मागे सोफ्यावर बसलेल्या आम्हा चौघांना बातम्यांऐवजी त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, लांब बसा, डोळे जातील!"

हे वाक्य आमच्या घरात जवळजवळ चाळीस वर्षं चालू आहे. आधी ती आम्हा भावंडांना म्हणायची, आता बाबांना म्हणते. तुमच्याही आईने किंवा आजीने ते कधीतरी म्हटलं असणारच. मी त्या रात्री पहिल्यांदा विचार केला की हे आलं कुठून. आणि किती लांब म्हणजे लांब?

किती लांब, याचं उत्तर आमच्या लहानपणी ठरलेलं होतं: सहा फूट. कोणी सांगितलं ते माहीत नाही, पण चाळीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो आकडा तोंडपाठ होता. गंमत म्हणजे या सहा फुटांमागे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक भीतीची, दुसरी गणिताची.

भीतीची गोष्ट अमेरिकेतली. १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हजारो रंगीत संचांमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं उघड झालं. जुन्या टीव्हीत काचेची मोठी नळी असायची आणि तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळायचे. रंगीत संचात त्यासाठी २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब लागायचा. इतक्या दाबाने इलेक्ट्रॉन कशावरही आदळले की थोडे क्ष-किरण तयार होतातच. एरवी काच ते अडवते, त्या संचांमध्ये ते नीट अडले नाहीत. तिथल्या आरोग्य खात्याने लोकांना सांगितलं, निदान सहा फूट लांब बसा. १९६८ मध्ये कायदा झाला, पुढे मर्यादा ठरली, काचेत शिसं, बेरियम, स्ट्रॉन्शियम घालायला लागले आणि प्रश्न मिटला. लांब बसायची सूचना मात्र मिटली नाही. ती आईच्या तोंडी गेली, आणि आईच्या तोंडी गेलेली सूचना कुठलंही सरकार मागे घेऊ शकत नाही. आमच्या चाळीतले संच तर सगळे कृष्णधवल होते. त्यांचा दाब रंगीत संचापेक्षा बराच कमी, क्ष-किरणांची भीती जवळपास शून्य.

गणिताची गोष्ट त्याहून सरळ आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. त्याचं चित्र ६२५ आडव्या रेषांचं असायचं, त्यातल्या साधारण ५७६ डोळ्यांना दिसणाऱ्या. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. म्हणजे फार जवळ गेलात तर रेषा सुट्या दिसणार, फार लांब गेलात तर असलेला तपशीलही वाया जाणार. मधली जागा काढली तर उत्तर येतं: चित्राच्या उंचीच्या सहापट. तेव्हाच्या २० इंची टीव्हीचं चित्र १२ इंच उंच. बारा सख बहात्तर इंच, म्हणजे सहा फूट! आमच्या चाळीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण आकडा बरोबर होता.

अडचण एवढीच की सहा फूट होते कोणाकडे?

बाबा मूळचे भिवंडीचे नाहीत. ते लालबागला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि वर्ष उलटलं तरी भोंगा वाजेना. काही जण गावी गेले, काही भाजीच्या गाडीवर उभे राहिले. ज्यांना माग चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं त्यातले कित्येक भिवंडीला आले, कारण मुंबईत थांबलेलं कापड इथल्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. बाबा १९८३ मध्ये आले. मी चार वर्षांचा होतो, ताई सात.

कामतघरच्या बाजूला पत्र्याच्या चाळीत आम्हाला दहा बाय दहाची खोली मिळाली. दहा फुटांतून एका बाजूचा ओटा आणि मोरी वजा करा, दुसऱ्या बाजूची लोखंडी कॉट वजा करा. मधे उरायचे जेमतेम साडेचार फूट. त्यात रात्री तिघं झोपायचे. चाळीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. (भिवंडीत दहा-बारा माग असलेल्या पत्र्याच्या शेडलाही कारखानाच म्हणतात.) खटाक-खटाक आवाज रात्रंदिवस चालायचा आणि तो थांबला की आम्हाला जाग यायची, वीज गेली म्हणून.

टीव्ही समोरच्या तेलुगू मास्तरांकडे होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कारखान्यातले. पद्मशाली समाजाची माणसं तेलंगणातून पिढ्यान्पिढ्या इथे येत आलेली, पद्मानगर हा भागच त्यांचा. मास्तरांच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना होता, तोंड नैऋत्येला, वरळीकडे. त्यांची खोलीही आमच्याएवढीच. तिथे शनिवारी मराठी सिनेमाला आणि रविवारी हिंदी सिनेमाला तीस-पस्तीस माणसं बसायची.

तीस माणसं दहा फुटांत कशी बसायची, तर अंतराने. पहिली दोन रांग पोरांची, पडद्यापासून दोन-अडीच फुटांवर, माना वर करून. त्यामागे बायका, मांडीवर तान्ही मुलं. कॉटवर मास्तरांच्या घरचे आणि त्यांनी बोलावलेले. उंबऱ्यात पुरुष, आणि त्यांच्याही मागे गल्लीत उभे राहून खिडकीच्या गजांतून बघणारे बाहेरगावचे कारीगर, बहुतेक आझमगड-मऊकडचे, बिशीत जेवून रातपाळीला निघालेले. बिशी म्हणजे एकट्या कामगारांची खाणावळ. शास्त्राप्रमाणे सहा फुटांची योग्य जागा होती ती कॉटवर. घरमालकाला ते शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण योग्य जागा बरोबर मालकाच्या वाट्याला आली होती. बिशीतल्या माणसांना बारा फुटांवरून राजेश खन्ना आणि राजेंद्रकुमार सारखेच दिसत असणार.

संध्याकाळी आणखी एक गंमत व्हायची. वीज जाऊन आली की परिसरातले सगळे लूम एकदम सुरू व्हायचे, दाब घसरायचा आणि टीव्हीचं चित्र चारही बाजूंनी आक्रसायचं. आपण जागेवरच, टीव्ही मात्र लहान झालेला. पोरं लगेच आणखी पुढे सरकायची.

मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते इतरांनी लिहिलेलं आहे. मला आठवते ती संचारबंदी. गल्ली ओलांडून समोर जायचं नाही. समोर मास्तरांच्या खिडकीत निळा उजेड हलताना दिसायचा, आवाज यायचा नाही. वीस फूट अंतर. संचारबंदी उठली, पण दार पूर्वीसारखं सताड उघडं राहिलं नाही. कोणी कोणाला नाही म्हणालं नव्हतं. तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत आमच्या रांगेत चार टीव्ही आले. भारतात टीव्ही का पसरला याची कारणं देताना १९८२ चे आशियाई खेळ, रंगीत प्रक्षेपण, मालिका यांची नावं घेतात. ती बरोबरच आहेत. आमच्या गल्लीपुरतं त्यात हेही धरायला हवं.

आमचा टीव्ही १९८८ मध्ये आला, हप्त्यावर, १४ इंची, कृष्णधवल. "रामायण" संपत आलं होतं. बाबांच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, आणि "रामायण" रविवारी सकाळी साडेनऊला, त्यामुळे त्यांना ते नाक्यावरच्या चहाच्या दुकानात पाच-दहा मिनिटं तेवढं दिसायचं. "महाभारत" सुरू झालं तोवर त्यांनी रातपाळी मागून घेतली. शेठला कारण पोटदुखीचं सांगितलं होतं.

१४ इंची टीव्हीचं चित्र साडेआठ इंच उंच. सहाने गुणा: सव्वाचार फूट. आमच्याकडे साडेचार फूट होते! म्हणजे पहिल्यांदाच आमच्या घरात टीव्ही आणि माणसं यांचं गणित जुळलं होतं. पण आईच्या डोक्यात सहा फूट बसलेले. ती ताईला सारखी मागे ओढायची, कारण ताई पडद्याला नाक लावून बसायची. कधी पडद्यावर पाण्याचा थेंब सोडून त्यातून मोठ्या झालेल्या रेषा बघायची. "डोळे जातील" हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. सातवीत शाळेत डोळे तपासले तेव्हा कळलं, तिला उणे तीनचा नंबर होता. जवळ बसल्याने नजर अधू झालेली नव्हती, नजर अधू होती म्हणून ती जवळ बसत होती. डोळ्यांचे डॉक्टर आज हेच सांगतात: जवळून टीव्ही बघितल्याने डोळे थकतात, खराब होत नाहीत, पण मूल सारखं जवळ जाऊन बसत असेल तर त्याचे डोळे तपासून घ्या. आई तेव्हा म्हणाली, "बघ, मी सांगत होते." ताई आजही चष्मा पुसताना कधीकधी हे आठवून हसते. मला त्यात हसण्यासारखं फारसं सापडत नाही. चार वर्षं तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि आम्ही तिला टीव्हीपासून मागे ओढत होतो.

तीच चूक मी बाबांच्या बाबतीत करत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीनंतर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं. डॉक्टर म्हणाले, नजर छान आहे, सोफ्यावरून आरामात दिसेल. मग सहज त्यांनी विचारलं, काय काम करायचे? मी सांगितलं. ते म्हणाले, कान दाखवलेत का?

कानांचा जो कागद हातात आला त्यावर एक रेष होती, डावीकडून सपाट येऊन उजवीकडे दरीत कोसळलेली. सगळ्यात खोल खड्डा ४००० हर्ट्झपाशी. अनेक वर्षं गोंगाटात काम केलेल्या माणसाची ही खूण, जगात कुठेही सारखीच. लूमच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढेच असतो. कारखाना कायद्याखालचे नियम ९० डेसिबलमध्ये आठ तास आणि १०० डेसिबलमध्ये दोन तास, यापुढे जाऊ देत नसत. बाबांची पाळी बारा तासांची असायची, आणि लहान लहान शेडमध्ये विभागलेल्या मागांना तो कायदा कितपत लागायचा हा वेगळाच विषय. त्यांनी गिरणी आणि लूम मिळून सदतीस वर्षं काढली. कानात कापूस घालायचे, तेवढंच.

असं ऐकू कमी आलं की आवाज नुसता लहान होत नाही. आ, ओ, ऊ ऐकू येतात, कारण त्यांचे सूर खालचे. स, श, त, थ, फ विरून जातात. "साखर" आणि "भाकर" यांतलं शेवटचं तेवढं राहतं. म्हणून टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग होत नाही, ऐकू न येणारं मोठ्याने ऐकू येत नाही. ही माणसं मग काय करतात, तर ओठ वाचतात. लूमवर सगळेच करायचे. त्या खटखटाटात बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून खुणा आणि ओठ. बाबांना ते विशीपासून येत होतं. आम्हाला कधी कळलंच नाही, कारण घरात ते आमच्या तोंडाकडे बघून बोलायचे आणि आम्हाला वाटायचं किती लक्ष देऊन ऐकतात.

आता त्यांची खुर्ची मला कळली. दूरदर्शनच्या मराठी बातम्यांत निवेदक एकटा असायचा, सरळ समोर बघणारा, खांद्यापासून वर, सावकाश आणि स्पष्ट बोलणारा. चौदा इंची टीव्हीवरही तो चेहरा तळहाताएवढा यायचा. साडेचार फुटांवरून ओठ वाचायला पुरेसा. आज पडदा तिप्पट रुंद झाला, पण त्यावर सहा चौकटी, सहा जण एकदम बोलणारे, खाली तीन पट्ट्या पळणाऱ्या. प्रत्येक चेहरा पुन्हा तळहाताएवढाच. मालिका पाहाव्यात तर निम्म्या डब केलेल्या, ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. शिवाय जुन्या संचाचा स्पीकर पडद्याच्या शेजारी, तोंड आपल्याकडे. नव्या टीव्हीची कडा इतकी पातळ की स्पीकर खाली किंवा मागे लावावा लागतो, तो भिंतीशी बोलतो.

ही सगळी माहिती काढताना मला बर्नार्ड लेक्नर हे नाव सापडलं. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतले इंजिनिअर. आपल्या भिंतीवरच्या सपाट टीव्हीमागचं जे तंत्र आहे, त्याच्या सुरुवातीच्या कामात त्यांचा मोठा वाटा. त्यांनी अमेरिकेतली घरं पाहून मोजलं की लोक टीव्हीपासून किती लांब बसतात. उत्तर आलं नऊ फूट. पडदा लहान असो की मोठा, नऊ फूट. इंग्लंडमध्ये फिलिप्सच्या जॅक्सन यांनी मोजलं तर तीन मीटर. डोळ्यांचा, रेषांचा काही संबंध नाही. सोफा एका भिंतीला, टीव्ही दुसऱ्या भिंतीला, मधे उरेल ते अंतर. लेक्नर भिवंडीला आले असते तर त्यांना साडेचार फूट सापडले असते, आणि कारणही तेच.

नव्या टीव्हीचं गणित सांगतो, घरी टेप असेल तर करून बघा. फुल एचडीला चित्राच्या उंचीच्या साधारण तीनपट अंतर पुरतं. जपानच्या एनएचके संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जे संशोधन सुरू केलं त्यातून हा तीनाचा आकडा आला. फोर-के असेल तर दीडपटीहून किंचित जास्त. आमच्या ४३ इंची पडद्याची उंची २१ इंच. म्हणजे फोर-केचा सगळा तपशील दिसायला पावणेतीन-तीन फुटांवर बसायला हवं. आठ फुटांवर सोफ्यात बसलेल्या आम्हाला फोर-के आणि फुल एचडी यातला फरक दिसणंच शक्य नाही. ज्यासाठी आम्ही जास्तीचे पैसे मोजले ते घरात एकटे बाबा बघत होते.

टीव्ही घ्यायला पुतण्याने मदत केली. तो माणकोलीजवळ एका गोदामात कामाला आहे. लूम कमी होत गेले तसं आमच्या आजूबाजूच्या भातशेतीच्या गावांत, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, गोदामं उभी राहिली, आणि मुंबई-ठाण्यात घरोघरी जाणारे टीव्ही आधी भिवंडीत मुक्काम करतात. तो सांगतो, ५५ इंचीचा खोका दोघांनी उचलायचा, कायम उभा ठेवायचा, आडवा टाकला की काच गेली. असे खोके तो दिवसभर हलवतो आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच खोक्यांना टेकून फोनवर मॅच बघतो. मी त्याला हिशेब करून दाखवला. साडेसहा इंची फोनवर मॅचचं चित्र पावणेपाच इंच रुंद. ५५ इंची टीव्ही त्याच्या दहापट रुंद. म्हणून फोन डोळ्यांपासून एक फुटावर धरला की चित्र दहा फुटांवरच्या ५५ इंची टीव्हीएवढंच भरतं. तो म्हणाला, "म्हणजे काका, माझ्याकडे आहेच की!" मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण एकालाच दिसतं."

(डोळ्यांचं म्हणाल तर फोनच्या त्या एका फुटाबद्दल डॉक्टरांना टीव्हीपेक्षा जास्त काळजी वाटते. मुलांनी उन्हात खेळावं, हे ते त्याच दमात सांगतात.)

बाबांसाठी कानाचं यंत्र आणलं. ते त्यांनी आठवडाभर लावलं आणि डबीत ठेवून दिलं. म्हणतात, त्यात पंखा ऐकू येतो. डॉक्टर म्हणाले, सवय लागायला वेळ लागेल, वीस वर्षं आधी आला असतात तर लवकर लागली असती. तोवर आम्ही सोफाच पुढे ओढला आहे, साडेपाच फुटांवर, आणि बाबांची खुर्ची मधून काढून डाव्या बाजूला ठेवली आहे. मागे उरलेल्या अडीच फुटांत कपड्यांचा स्टँड मावतो. सातच्या बातम्यांना ते खुर्ची पुन्हा मधोमध ओढतात, अर्ध्या तासाने परत नेतात. फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार ओरखडे उमटलेत.

आईने सवय सोडलेली नाही. फक्त आता ती स्वयंपाकघरातून ओरडत नाही. हात पुसत बाहेर येते, टीव्हीच्या समोर उभी राहते, बाबांना तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हणते, "लांब बसा, डोळे जातील."

बाबा म्हणतात, "बाजूला हो, बातम्या चालू आहेत."